विद्येच्या घरचा पाहुणा

बुरहानपुरात अकबरी सराई नावाची मोगल काळातली एक वास्तू आहे. ताप्तीकाठच्या या गावातून दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे जाणारे व्यापारी, यात्रेकरू आणि फिरस्ते तेव्हा अशा सराईंत उतरत. सराई म्हटली की भक्कम तट आणि रात्री बंद होणारा मोठा दरवाजा आलाच. आत आलेल्या माणसाची आणि त्याच्या मालाची राखण हे सराईवाल्याचे काम असे. दरवाजा लावल्यावर बाहेरचा चोर आत येत नसे, हे खरे. पण उतारू झोपला की त्याच्या गाठोड्याकडे डोळा ठेवणारा शेजारच्याच ओवरीत असू शकतो, हे शहाण्या सराईवाल्याला ठाऊक असावे लागे. म्हणून नुसता दरवाजा लावून तो मोकळा होत नसे.

आपल्या महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या आवारांत गेल्या नऊ दशकांत जे गुन्हे घडले, त्यांचा इतिहास चाळताना मला वारंवार ही सराई आठवली. सीमेवरच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा इतिहास परका नाही. बुरहानपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ साली. खरगोनचे क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय तर २०२४ सालचे. तोवर आपल्या मुलांना पदवीच्या कागदासाठी इंदूरकडे पाहावे लागे आणि मराठी घरांतली पुष्कळ मुले रावेर, भुसावळ ओलांडून जळगाव, पुणे, मुंबई गाठत. आजही गाठतात. बारावीनंतर ट्रंक घेऊन परगावच्या वसतिगृहात गेलेले मूल नाही, असे घर आपल्या गल्लीत शोधावे लागेल. ते मूल जिथे जाते तिथे ते कोण असते? विद्यार्थी तर असतेच. पण त्याआधी ते एका अनोळखी घरचे पाहुणे असते. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच की, आवाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा मुळात यजमानाच्या कर्तव्याचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो पुनःपुन्हा दरवाज्याचा आणि कुलपाचा प्रश्न समजला गेला.

ग्रंथालयातली गोळी

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन आवारात घडलेली सर्वांत गाजलेली घटना २२ जुलै १९३१ ची. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन त्या दिवशी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला भेट देण्यासाठी आले होते. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. गोगट्यांना जागीच पकडण्यात आले आणि पुढे आठ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सोलापुरात १९३० साली पुकारलेला लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना दिलेली फाशी यांचा संताप त्या गोळीमागे होता. लोकांनी गोगट्यांना ‘हॉटसन-गोगटे’ हे नाव बहाल केले. स्वातंत्र्यानंतर ते पुण्याचे महापौरही झाले.

त्याच सुमारास आपल्या खंडव्याजवळ रेल्वेच्या डब्यात लेफ्टनंट हेक्स्ट या इंग्रज अधिकाऱ्याचा वध झाला आणि त्यासाठी यशवंतसिंह व देवनारायण तिवारी हे दोन तरुण जबलपूरच्या तुरुंगात फासावर गेले. त्या पिढीच्या मनात काय पेटले होते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की समजते. त्या तरुणांच्या देशभक्तीची मोजदाद करण्याचा अधिकार माझा नाही, आणि तो या लेखाचा विषयही नाही.

विषय आहे तो त्यानंतरच्या चर्चेचा. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. राजकीय हत्यांचा निषेध करणारा ठराव तिथे संमत झाला, आणि त्यात फर्ग्युसनच्या घटनेचा वेगळा उल्लेख झाला. हा हल्ला अधिकच निंद्य का, तर तो ज्या महाविद्यालयाने गव्हर्नरांना सन्मान्य पाहुणे म्हणून बोलावले, त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने केला. ज्याच्या राज्याविरुद्ध सारा देश उभा ठाकला होता, त्या माणसाबद्दल ही भूमिका घेतली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शत्रू असला तरी विद्येच्या उंबरठ्याच्या आत तो पाहुणा, असा त्या ठरावाचा भाव. हा दंडक कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण एकदा तो शत्रूला लागू करायचा म्हटला, तर आपल्याच घरून ट्रंक घेऊन आलेल्या मुलाला तो किती पटींनी लागू व्हावा!

प्रत्यक्षात झाले वेगळेच. स्वातंत्र्यानंतर आवारातला हिंसाचार संपला नाही. त्याचे लक्ष्य तेवढे बदलले. परका राज्यकर्ता गेला आणि शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी, खालच्या वर्गातला नवखा, कधी खुद्द शिक्षक त्या जागी आला.

मुंबईचा खून आणि बंद झालेल्या निवडणुका

१९८९ साली मुंबई विद्यापीठातल्या विद्यार्थी निवडणुकांच्या काळात ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या काळात महाविद्यालयांच्या निवडणुकांत पैसा, बाहेरची मंडळी आणि दांडगाई किती शिरली होती, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको. या खुनाने महाराष्ट्र हादरला. परिणाम असा की, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुका थांबल्या. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी गुणवत्तेवर मंडळात यायचा, आणि खेळ, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना यांतून काहींची नियुक्ती व्हायची.

त्या काळी पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो समजण्यासारखा आहे. मुलगा धडपणे घरी आला पाहिजे, प्रतिनिधी झाला नाही तरी चालेल, असेच कोणतीही आई म्हणेल. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट खटकते. सराईत चोरी झाली म्हणून उतारूंनी एकमेकांशी बोलायचेच नाही, असा हा इलाज होता. निवडणुकीतल्या गुंडगिरीला शासन करण्याऐवजी निवडणूकच गेली. तिच्याबरोबर विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे प्राचार्यांपुढे हक्काने मांडणारा, त्यांनीच निवडलेला माणूसही गेला. वर्गात पहिला येणारा मुलगा हुशार असतो. पण दुसऱ्याचे भांडण अंगावर घेईलच असे नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली. मात्र २०१९ साली घ्यायच्या ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

उज्जैन ते नागपूर

निवडणुका बंद न करता त्यांना शिस्त लावावी, हा दुसरा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मे २००६ मध्ये अहवाल दिला. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या वर जाता कामा नये, पंच्याहत्तर टक्के उपस्थिती हवी, गुन्ह्याची नोंद नको, छापील फलक नकोत, सारी प्रक्रिया दहा दिवसांत संपावी, आणि तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत स्वतंत्र कक्ष असावा, अशा त्यातल्या शिफारशी. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या.

अहवाल आणि आदेश या दोहोंमधल्या चार महिन्यांत आपल्या मध्य प्रदेशात एक भयंकर घटना घडून गेली होती. २६ ऑगस्ट २००६ रोजी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी निवडणुकीवरून गोंधळ झाला. त्यात राज्यशास्त्र विभागाचे प्रमुख प्राध्यापक हरभजनसिंह सभरवाल यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा मृत्यू झाला. लोकशाही कशी चालते हे ज्यांनी आयुष्यभर शिकवले, ते शिक्षक विद्यार्थी निवडणुकीच्या दंग्यात गेले. आवारातल्या गोंधळाची चित्रे दूरदर्शन वाहिन्यांनी देशभर दाखवली. पाहणारे शेकडो होते.

खटला निःपक्षपातीपणे चालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याबाहेर, नागपूरला हलवला. म्हणजे घटना हिंदी मुलखातली आणि न्यायनिवाडा मराठी मुलखात. आपल्यासारख्या दोन्हीकडे पाय असलेल्या वाचकांनी तो खटला दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांतून वाचला असेल. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. जुलै २००९ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने सर्व सहा आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. न्यायालयापुढे जे सिद्ध झाले नाही, ते आपण लेखातून सिद्ध करू नये. आरोपी निर्दोष ठरले, ही नोंद आहे तशीच घ्यावी. पण त्याच नोंदीचा दुसरा अर्थही टाळता येत नाही. भर दिवसा, गर्दीत, कॅमेऱ्यांसमोर एका प्राध्यापकाचा बळी गेला आणि त्याला जबाबदार कोण, हे न्यायालयात कुणाच्याही नावावर लागले नाही.

आज प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकाशी कॅमेरा असतो आणि माहितीपुस्तिकेत तो अभिमानाने छापलेला असतो. कॅमेऱ्याचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. पण तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेत नाही. ते माणसाला करावे लागते, आणि ज्या घरात लहान गोष्टीसाठी तोंड उघडलेल्याला पाठीशी घालणारे कुणी नसते, त्या घरात मोठ्या गोष्टीच्या वेळी तोंडे उघडत नाहीत.

कायद्याने प्रमुखाला धरले तेव्हा

निवडणुकीतला हिंसाचार निदान चार लोकांसमोर घडतो. वसतिगृहातला छळ बंद दाराआड घडतो. त्याला आपण ‘रॅगिंग’ हा इंग्रजी शब्द दिला, आणि शब्द परका असल्यामुळे त्यातला डंख कितीतरी वर्षे कुणाला बोचला नाही. थट्टामस्करी, ओळख करून घेण्याची रीत, मुलांना घट्ट करण्याची तालीम अशी त्याची समर्थने मोठमोठ्या सुशिक्षितांच्या तोंडून आपण ऐकली आहेत.

नोव्हेंबर १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या नावरसू या विद्यार्थ्याचा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने खून केला. त्यातून तामिळनाडूचा १९९७ चा रॅगिंगविरोधी कायदा आला. पाठोपाठ महाराष्ट्राने १९९९ साली आपला कायदा केला. आपली मुले ज्या जळगाव-पुणे-मुंबईला जातात तिथे तो लागू आहे, म्हणून त्यातली कलमे पालकांनी नीट समजून घ्यावीत.

या कायद्यानुसार रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकायचे आणि पाच वर्षे त्याला दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यायचा नाही. पण माझ्या मते कायद्याचा कणा आहे तो पुढच्या दोन कलमांत. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. आणि प्रमुखाने हे केले नाही, टाळाटाळ केली, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे मानून त्यालाही तीच शिक्षा.

मी स्वतः शाळेचा प्रमुख आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला या कलमाचा धाक वाटतो, आणि तो वाटावा यासाठीच ते लिहिले आहे. सराईवाल्याला कायद्याने प्रथमच सांगितले की उतारूचे गाठोडे गेले तर जबाब तुलाही द्यावा लागेल.

तरीही मृत्यू थांबले नाहीत. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात, टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर दगावला. त्यापूर्वीच, २००७ साली, सी.बी.आय.चे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीने सर्वोच्च न्यायालयाला अहवाल दिलेला होता. अमनच्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००९ मध्ये देशभरासाठी विनियम काढले. प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि फिरते पथक, दरवर्षी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून हमीपत्र, गुन्हा घडल्याचे कळताच चोवीस तासांत पोलिसांत फिर्याद, आणि १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क दूरध्वनी, हे सारे तेव्हापासूनचे. प्रवेशाच्या धांदलीत आपण ज्या हमीपत्रावर न वाचता सही करतो, त्याच्यामागे एका मुलाचा मृत्यू आणि त्याच्या वडिलांची लढाई आहे.

जळगावची लेक

आता सांगायची आहे ती घटना आपल्या सर्वांत जवळची. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तडवी भिल्ल समाज राहतो. बुरहानपूरच्या बाजारातही ही मंडळी आपल्या रोजच्या पाहण्यातली. या समाजातली जळगावची पायल तडवी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. २०१८ साली तिने मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या समाजातल्या मुलीने तिथवर पोचणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२२ मे २०१९ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, डॉ. पायलने आपले जीवन संपवले. तिच्याबरोबरच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, जातीवरून छळ केल्याचा आणि रॅगिंगविरोधी कायद्याखालचा गुन्हा नोंदला गेला, त्यांना अटक झाली आणि पुढे आरोपपत्र दाखल झाले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. तो आपण करायचा नाही.

परंतु न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नसलेली एक बाब आहे, आणि ती माझ्यासारख्या कारकुनी कामात आयुष्य गेलेल्या शिक्षकाला झोपू देत नाही. मुलीला होणाऱ्या त्रासाबद्दल आपण तिच्या विभागात सांगितले होते, असे तिच्या कुटुंबाने सांगितले. आपल्याकडे लेखी तक्रार आलीच नव्हती, असे प्रशासनाने सांगितले. वाचकहो, या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे आपली मुले उभी असतात. १९९९ चा कायदा ‘लेखी तक्रार’ म्हणतो. २००९ चे विनियम समिती म्हणतात, पथक म्हणतात. वीस वर्षांचा कायदा आणि दहा वर्षांचे विनियम हाताशी होते. पण ज्या वरिष्ठांच्या हाताखाली शिकायचे, ज्यांच्या शेऱ्यावर पुढची वर्षे अवलंबून, त्यांच्याविरुद्ध कागद द्यायला शिकाऊ मुलीचा हात उचलत नाही. तिची माणसे येऊन तोंडी सांगतात. आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीला आवक क्रमांक पडत नाही.

शाळा-महाविद्यालयांच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख आणि क्रमांक पडतो. शिक्षण विभागाचे परिपत्रक असो की वीजबिल, त्याला क्रमांक मिळतो. रडत आलेल्या आईच्या बोलण्याला मात्र क्रमांक नाही. ती बोलून गेली की कचेरीच्या लेखी ती आलीच नव्हती. समोर बसलेल्या प्रमुखाने शिपायाला कागद आणायला सांगून, ‘बाई, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो,’ म्हणणे एवढाच त्यावरचा उपाय. यात पाच मिनिटे जातात आणि पैसा लागत नाही.

पायलची आई आबेदा तडवी खचून घरी बसल्या नाहीत. हैदराबाद विद्यापीठातला विद्यार्थी रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये असाच गेला होता. त्याची आई राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघींनी २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांतला जातीय भेदभाव थांबवण्याची यंत्रणा कागदावर न राहता चालावी, ही त्यांची मागणी. भाषा वेगळी, प्रांत वेगळा. दुःखाने त्यांना एकत्र आणले.

पहारेकऱ्यावर पहारा

आणखी एक घटना सांगणे भाग आहे, कारण दरवाज्यावर सारा भरवसा ठेवणाऱ्यांचे डोळे तिने उघडावेत. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सावित्रीदेवी फुले शासकीय वसतिगृहात अकोल्याहून शिकायला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशय ज्याच्यावर आला तो वसतिगृहातच वर्षानुवर्षे काम करणारा, सगळ्यांच्या विश्वासातला माणूस होता. त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर सापडले. सुट्टीमुळे वसतिगृह बरेचसे रिकामे होते. हा माणूस त्रास देतो हे मुलीने आधी सांगितले होते, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांत आले.

इथे दरवाजा होता, भिंत होती, राखण होती. धोका आतच राहत होता. आणि इथेही पुन्हा तेच: आधी एकदा कुणाच्या तरी कानावर घातलेली गोष्ट.

कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली त्यांचा कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांतही अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. विद्यार्थिनीला, मग ती वसतिगृहातली असो की वर्गातली, या समितीकडे जाता येते. समितीवर कोण आहे हे ठळकपणे लावलेले असावे लागते. मुलीला प्रवेश देताना आपण खानावळ पाहतो, पाण्याची टाकी पाहतो, खिडकीला गज आहेत का ते पाहतो. तो फलकही पाहावा, आणि त्यावरची नावे सध्या नोकरीत असलेल्या माणसांची आहेत की बदलून गेलेल्यांची, हे विचारावे.

इतिहासाने काय शिकवले

१९३१ पासून २०२३ पर्यंतच्या या घटना एका माळेत ओवण्यासारख्या नाहीत. कुठे देशभक्ती होती, कुठे सत्तेची हाव, कुठे जातीचा माज आणि कुठे निव्वळ पशुत्व. पण आपण त्यांवर काढलेले तोडगे मात्र एका साच्याचे दिसतात. एक जीव गेला की निवडणूक बंद, दुसरा गेला की कायदा, तिसरा गेला की विनियम, चौथा गेला की कॅमेरा आणि कुंपण. यांतले काहीही निरुपयोगी नाही. कायदा नसता तर पायलच्या आईला कोणत्या कलमाने दाद मागता आली असती? पण कायदा बहुधा मृत्यूनंतर धावून येतो. मृत्यूच्या आधी धावणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळेवर ऐकलेले आणि लिहून घेतलेले गाऱ्हाणे. १९९६ नंतर निघालेल्या प्रत्येक नियमात ही गोष्ट कोणत्या ना कोणत्या शब्दांत लिहिलेली आहे, आणि प्रत्येक शोकांतिकेत तीच तेवढी राहून गेलेली आढळते.

यजमानाने काय करावे हे वर आलेच. पण पाहुण्याच्या घरच्यांनी, म्हणजे आपण पालकांनी, काय करावे? सीमेवरच्या माणसाची एक सवय असते. दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालून तो सोशिक होतो. परगावच्या संस्थेत ‘आपण बाहेरचे, कशाला तोंड उघडा’ असे त्याला वाटते. ही सवय मुलाच्या बाबतीत तरी सोडावी. तक्रार असेल तर ती कागदावर द्यावी; मराठीत द्या, हिंदीत द्या, शब्द मोडके असले तरी चालतील. तारीख घालावी, नक्कल ठेवावी, आणि पोच म्हणून शिक्का व सही घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. कागद घेतला नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवावा. वर दिलेला दूरध्वनी क्रमांक मुलाच्या वहीत लिहून द्यावा. मन फारच खचलेले असेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर बोलता येते, हेही त्याला ठाऊक असू द्यावे. आणि नापास झालास तरी चालेल, शिक्षण सोडून आलास तरी घर आहे, हे त्याला एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगावे. आपण ते गृहीत धरतो. मुलाच्या कानी ते गेलेले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी येतात. फराळाची ताटे होतात, गुणांची चौकशी होते, पुढच्या परीक्षेची होते. या वर्षी त्यात एका प्रश्नाची भर घाला. खोलीत बरोबर कोण राहते, वरच्या वर्गातली मुले कशी वागतात, रेक्टर कधी खोलीवर येऊन बोलतात का, हे सवडीने विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मूल ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून विषय टाळेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. परतीच्या गाडीला अजून चार दिवस आहेत.